तुर्दुबाय अकांचा दुपारीच मरणारा फोन

आमच्या सॅनेटोरियममध्ये मी चिखलाचे लेप लावते. माझ्या खोलीला लागूनच मालिशची खोली आहे आणि तिथे तुर्दुबाय अकांचं, म्हणजे आमच्या थोरल्या दादांचं राज्य. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडचा पेशंट कण्हला की माझ्याकडचा डोळे उघडून विचारतो, "काय करतायत हो त्याला?" मी सांगते, "काही नाही, बरं करतायत."

अकांना दिसत नाही. लहानपणी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईने नाव ठेवलं तुर्दुबाय, म्हणजे राहिलेला, टिकलेला. ते स्वतःच सांगतात, "आईने नुसतं 'राहा' म्हटलं. 'बघत राहा' म्हणायचं विसरली." नव्या माणसाला अशा वेळी हसावं की नाही ते कळत नाही. तो गप्प बसला की अका म्हणतात, "हसा हो, पाठ सैल पडते."

माणूस टापटिपीचा. शर्टाला इस्त्री, गालाला कोलोनचा वास, पांढरी काठीसुद्धा पुसून लख्ख. खाली जलालाबाद शहरात अंध संघटनेच्या इमारतीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. तिथून रोज सकाळी मिनीबसने टेकडीवर येतात. बायको सादात किडनीच्या दुखण्याने गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

स्मार्टफोनला ते आधी तयारच नव्हते. "बोलायला बायको आहे, डबा कशाला?" म्हणायचे. सादात गेली, घर मुकं झालं, तेव्हा संघटनेच्या लोकांनी त्यांच्या हातात फोन ठेवला आणि तो कसा चालवायचा ते शिकवलं. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन कानात सांगतो. आलेला निरोप वाचून दाखवतो, बस कुठल्या थांब्यावर आली ते सांगतो. अकांना ते इतकं आवडलं की पुढे फोनशिवाय त्यांचं पान हलेना. स्क्रीन मात्र त्यांनी पहिल्यापासून काळी करून ठेवली होती. तशी सोय असते. फोन चालू असतो, बोलत असतो, पण काचेवर काही दिसत नाही. "मला दिवा कशाला?" अका म्हणायचे. "आणि दुसऱ्याने डोकवावं म्हणून मी तरी दिवा का लावून देऊ?" त्यामुळे त्यांचा फोन एकदा चार्ज केला की दोन दोन दिवस चालायचा. आमचे फोन संध्याकाळी माना टाकायचे, तेव्हा ते मुद्दाम विचारायचे, "कुणाला फोन हवाय का? माझा आहे हं जिवंत."

त्या फोनवरच त्यांना बुरुल भेटली. भेटली म्हणजे पुन्हा सापडली. संघटनेचा एक गट आहे, त्यात लोक बोलून निरोप टाकतात. कुणीतरी एक विनोद सांगितला, सगळे हसले, आणि त्यात एक हसणं असं होतं की शेवटी उचकी लागल्यासारखा श्वास आत जायचा. अकांनी ते हसणं लहानपणी अंध मुलांच्या वसतिशाळेत ऐकलं होतं. मुलींच्या बाजूच्या बाकांवरून यायचं. त्यांनी विचारलं, "बुरुल का?" तिने विचारलं, "टोचणी हरवणारा तुर्दुबाय का?" ब्रेलच्या पाटीवर लिहायची टोचणी ते रोज हरवायचे म्हणे, आणि रोज तिची मागायचे.

बुरुल ओशमध्ये भावाच्या घरी राहते. लग्न झालं नाही. मोजे विणते, भावाची मुलं तिनेच वाढवली. घर भरलेलं, भिंतीला भिंत, बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. म्हणून दोघं बोलायचे नाहीत, लिहायचे. दुपारी भावजय बाजारात गेली की ती लिहायची, आणि फोन ते अकांच्या कानात वाचायचा. कधी हिंमत करून ती फोनही लावायची. हे मला अकांनीच एकदा चहा पिताना सांगितलं, तेही दार लावून. "कुणाजवळ बोलू नकोस, उलकान," ते म्हणाले. "तिचं घर तिचं नाही." मी नाही बोलले.

अक्रोड उतरवायच्या दिवसांत फोनने अकांच्या मागे टुमणं लावलं. नवी आवृत्ती आली आहे, घालू का? सकाळी तेच, संध्याकाळी तेच. "लग्न जमवणाऱ्या मावशीसारखा पाठीस लागलाय," म्हणत एक दिवस त्यांनी हो म्हणून टाकलं. फोन बराच वेळ गप्प राहिला, मग उठला, नेहमीच्याच आवाजात बोलू लागला. अका खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणालाच फोन बंद.

त्यांना वाटलं, चार्जिंगची तार नीट बसली नसेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्यांनी भोजनगृहात विषय काढला तर आमचा स्वयंपाकी सापार म्हणाला, "अका, सगळ्यांचंच झालंय. माझा तर चहा उकळेपर्यंत आडवा होतो. हे अपडेटच नाट लागलेलं आहे." त्याचं खरं होतं. माझाही फोन तेव्हापासून लवकर संपायला लागला होता. सगळ्यांचं दुखणं एकच म्हटल्यावर अकांच्या दुखण्याकडे वेगळं कोण बघणार?

बाजारातल्या फोन दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, बॅटरी म्हातारी झालीय. नवी घातली. तीही दुपारी गेली. पुन्हा गेले, तर म्हणाला, "मग नव्या आवृत्तीचाच दोष. रोज दहा माणसं येऊन रडतात माझ्यापुढे. नवा फोन घ्या." अकांनी फोन नाही घेतला, पॉवर बँक घेतली. विटेएवढी जड. कोटाच्या एका खिशात वीट, दुसऱ्या खिशात फोन, मधून तार. "सलाइन लावलेला पेशंट घेऊन हिंडतोय मी," म्हणायचे. पण ती वीट भरायलाही रात्र लागायची, आणि फोन तीही पिऊन टाकायचा.

एकदा घरी जाताना बसमध्येच फोन मेला. थांबा कळला नाही. कुणाला तरी विचारून उतरले ते भलत्याच ठिकाणी, आणि रस्त्याकडेच्या पाटात पाय गेला. टरबूज विकणाऱ्या एका बाईने त्यांना हाताला धरून घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली, सगळे हसले. माझ्याकडे चहाला आले तेव्हा मात्र त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"पडलो त्याचं काही नाही," ते म्हणाले. "बुरुल रागावलीय."

"का?"

"ती दुपारी फोन लावते, तर बंद. रोज बंद. काल लिहिलंय, कंटाळा आला असेल तर तसं सांगावं, दार लावून बसू नये."

"मग बॅटरीचं सांगा की तिला."

"सांगितलं. ती म्हणते, तिच्या भावाचीही बॅटरी अशीच संपायची, तो दारू प्यायचा त्या दिवसांत."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण अर्ध्यातच विरलं.

त्यानंतर मी रजेवर गेले. माझ्या मुलीचं बाळंतपण होतं, बातकेनला. नातू झाला, बाळंतिणीचं करून परत आले तोवर टेकडीवर पहिलं बर्फ पडून गेलं होतं. आल्या आल्या, मला ताईच्या जागी मानून एजे म्हणणाऱ्या सापारने माझ्यापुढे चहा ठेवला आणि डोळा बारीक करून म्हणाला, "एजे, तुम्ही नव्हतात ना, फार गोड दिवस गेले इथे. बुरुलने अकांना काय काय लिहिलंय म्हणून सांगू."

माझ्या हातातला नान तसाच राहिला. "तुला बुरुल कोण माहीत?"

"मलाच काय, सगळ्यांना माहीत. नुर्जामाल तर परवा रडली."

नुर्जामाल आमची नर्स. ती पलीकडे बसली होती. तिने मान खाली घातली.

मी तशीच उठून मालिशच्या खोलीत गेले. पेशंट नव्हता. अका टॉवेल घडी करत होते. पेशंटच्या डोक्याशी एक स्टूल असतं, त्यावर फोन ठेवून ते कोमुझच्या तारांचं संगीत लावतात, म्हणजे पडलेल्या माणसाला बरं वाटतं. फोन तिथेच होता. आणि काच अशी लखलखत होती की भिंतीवर उजेड पडला होता. मोठ्या ठसठशीत अक्षरांत एक निरोप उघडा होता. मी वाचायच्या आत तोंड फिरवलं.

"उलकान आली," अका म्हणाले. त्यांना पावलावरून कळतं. "नातू कुणावर गेलाय?"

"अका, तुमच्या फोनची स्क्रीन चालू आहे."

"अं?"

"चालू आहे. दिसतंय त्यावर सगळं."

ते टॉवेल ठेवून स्टुलापाशी आले. काचेवर तळवा ठेवला, जसा ते पेशंटच्या पाठीवर ठेवतात तसा. काच गरम होती, ती त्यांना रोजच लागत असणार. सगळे म्हणत होते अपडेटने फोन तापतात.

"उजेड आहे?"

"आहे."

"किती?"

"भरपूर."

ते खाटेच्या कडेवर बसले. मग त्यांनी सगळं जुळवलं, माझ्यादेखत, एकेक करून. नवी आवृत्ती घातली तेव्हा त्यांनी केलेली सोय पुसली गेली होती. स्क्रीन काळी राहायची ती उघडी झाली, आणि हात काढल्यावर विझायची तीही विझेना. फोन दिवसभर त्यांच्याजवळ दिव्यासारखा जळत होता आणि त्यातच बॅटरी जात होती. फोन दुरुस्त करणाऱ्याने उजेड बघितला असेल, पण फोनला उजेड असतोच. बसमधल्यांनीही बघितला असेल. पेशंट तर पालथे पडून त्याच्याशेजारीच डोकं ठेवायचे, आणि अकांचे हात तेलाने भरलेले असताना निरोप यायचे.

"सापार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नुर्जामाल?"

"हो. अका, त्यांना वाटलं असेल, तुम्हाला माहीत आहे. आणि सांगायचं तर वाचलं हेही कबूल करावं लागणार. म्हणून कुणी तोंड उघडलं नाही."

त्यांनी फोन उचलला, बोटं भराभर फिरवली. काच काळी झाली.

"आता?"

"आता नाही दिसत."

"नक्की?"

"नक्की."

"तुझ्या शब्दावर चाललोय, उलकान. मला तपासता येत नाही."

त्या दिवशी त्यांनी सगळे पेशंट केले, पण भिंतीपलीकडून एक शब्द आला नाही. फोन संध्याकाळपर्यंत चालला, दुसऱ्या दिवशीही चालला. दुखणं गेलं होतं. अका मात्र भोजनगृहात येईनात. मी नान आणि चहा त्यांच्या खोलीत नेऊन द्यायची. सापारने एकदा त्यांच्यासाठी मुद्दाम खिम्याचे वाफवलेले मंती पाठवले, ते तसेच परत आले.

"माझं काही नाही," तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते म्हणाले. "मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांपुढेच जगलोय. शर्टाचं बटण चुकलं तरी आधी जगाला कळतं, मग मला. पण तिच्या घरात तिला उशीसुद्धा स्वतःची नाही. मनातलं ठेवायला एवढी एक जागा तिने शोधली होती, आणि ती मी चव्हाट्यावर मांडून ठेवली. तिला सांगायला हवं."

"अजिबात सांगू नका," मी म्हटलं. "आता बंद झालं ना? तिला कुठून कळणार?"

"तिला नाही कळणार. मला माहीत असेल ना. ती लिहील आणि मी ऐकेन, दर वेळी माझ्या पोटात हेच असेल."

"मग फोनवर सांगा."

"फोनवर नको," ते म्हणाले. "फोनने बरंच केलंय."

मला ओशच्या बाजारातून नातवासाठी लोकर आणायची होती, निदान मी तसं म्हटलं. रविवारी आम्ही दोघं शेअर टॅक्सीने निघालो. सगळ्या वाटेत अकांनी टॅक्सीवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, पण घराच्या फाटकापाशी उतरल्यावर मला म्हणाले, "कॉलर नीट आहे का बघ."

दार भावजयीने उघडलं. मिनावर तिचं नाव, अंगाने भरलेली, हाताला पीठ. कोण, कुठले, कशासाठी, हे तिने उंबऱ्यातच विचारलं. वसतिशाळेतले ओळखीचे म्हटल्यावर आत घेतलं, जेवणाची चादर, दस्तरखान अंथरलं, चहा ओतला आणि समोर ठाण मांडून बसली. बुरुल भिंतीशी गादीवर बसून मोजा विणत होती. लहानखुरी, डोक्याला पांढरा रुमाल. अकांचा आवाज ऐकून तिच्या सुया थांबल्या नाहीत, उलट जोरात चालायला लागल्या.

मी मिनावरला म्हटलं, "मला जरा परसातलं झाड दाखवता का?"

"हिवाळ्यात काय बघायचं झाडात?" ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

"बसू दे, उलकान," अका म्हणाले. "हिलाही ऐकू दे. लपवाछपवी पुष्कळ झाली." आणि त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, स्वतःची बाजू न मांडता. फोन दुपारी का बंद पडायचा, काच कशी जळत होती, कुणी कुणी वाचलं. "तुझे शब्द माझ्याजवळ होते आणि मी ते नीट सांभाळले नाहीत," ते म्हणाले. "अजाणता झालं, पण झालं माझ्याच हातून."

सुया थांबल्या.

"कुठलं कुठलं वाचलं?" बुरुलने विचारलं.

"ते माहीत नाही."

"मग विचारून या. माझं बोलणं कुणाकुणाकडे गेलंय ते मला कळायला हवं." ती उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

आता मिनावरचा बांध फुटला. पण ती अकांवर नाही, दाराकडे तोंड करून नणंदेवर ओरडली. "आणि माझ्यापासून कशाला लपवत होतीस गं? मी काय तुझी जेलर आहे? बाजाराला जाते म्हणून मुद्दाम उशिरा येते मी रोज, तुला जरा मोकळं मिळावं म्हणून. वर्षभर भिंतीकडे तोंड करून हसतेयस, मोज्यांचे टाके चुकतेयस. घरातले सगळे काय आंधळे आहेत?"

बोलून गेली आणि तिने पिठाचा हात तोंडावर ठेवला. माझी तर मानच वर होईना. तेवढ्यात दारामागून हसणं ऐकू आलं. बारीक, आणि शेवटी उचकीसारखा श्वास. अकांचा चेहरा तिकडे वळला.

"हसले म्हणजे माफ केलं असं समजू नका," आतून आवाज आला.

मिनावरने निघताना आमच्याबरोबर गरम सामसे बांधून दिले. फाटकापाशी मला म्हणाली, "माणूस बरा दिसतो. पण आता हिचं काही सांगता येत नाही."

सोमवारी अका भोजनगृहात आले. सगळ्यांचे चमचे थांबले. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मी रागवायला आलो नाही. माझ्या फोनवर तुम्ही जे वाचलंत ते मला हवंय. ज्याने त्याने येऊन आपलं आपलं सांगावं. खोलीत, खाटेवर. पाठही करून देतो."

पहिला सापार गेला. भिंत पातळ असल्यामुळे मी ऐकलं, आणि पुढे अकांना तसं सांगूनही टाकलं. सापार आधी आडवळणं घेत होता, मग अकांचा अंगठा मानेखाली रुतला असावा.

"सांगतो, सांगतो. तिने लिहिलं होतं, तुमचा निरोप आला की थंड घरात कुणी चूल पेटवल्यासारखं वाटतं, मी हात शेकत बसते."

"बरं. आणि?"

"आणि मी ते बायकोला म्हटलं."

"बायकोला सांगितलंस?"

"सांगितलं नाही, अका. म्हटलं. माझंच म्हणून. तू बोललीस की चूल पेटल्यासारखं वाटतं, मी हात शेकत बसतो."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, काय फोडून आलायस ते आधी सांग." सापारचा आवाज मऊ झाला. "पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या अंगरख्याला इस्त्री. लग्नानंतर पहिल्यांदा."

अका हसले. मी रजेवरून परत आल्यापासून त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. त्यांचे हातसुद्धा थांबले असावेत, कारण सापार म्हणाला, "डावी बाजू राहिली, अका."

नुर्जामालने खाटेवर झोपायला नकार दिला. उभ्यानेच सांगितलं. अकांनी बुरुलला एकदा लिहिलं होतं की सादातचा आवाज मी विसरत चाललोय आणि त्याची मला भीती वाटते. त्यावर बुरुलचं उत्तर होतं, ती कशी बोलायची ते मला सांगत जा, दोघांनी आठवला तर टिकेल. "माझे वडील जाऊन वर्ष झालं," नुर्जामाल म्हणाली. "मी हे वाचलं आणि घरी जाऊन आईला म्हटलं, बाबा कसे हाक मारायचे ते करून दाखव. आम्ही दोघी आलटून पालटून करत बसलो." मग ती म्हणाली, "चुकलं माझं, अका," आणि अका म्हणाले, "बस जरा. चहा आहे."

असे आणखी तीन-चार जण आले. अकांनी ते सगळं, जसंच्या तसं, बुरुलला लिहून कळवलं. बायकोला ऐकवलेलंही आणि इस्त्रीचंही.

उत्तर आलं नाही.

हिवाळा तसाच गेला. फोन आता पुन्हा दोन दोन दिवस चालायचा आणि वाजायचा नाही. अका पूर्वीसारखे भोजनगृहात जेवायला लागले, सापारशी बोलायला लागले, पण घरी निघताना माझ्या दारात थांबायचे. "तुझ्या फोनवरून एकदा लाव बघू मला." मी लावायची. त्यांच्या खिशात घंटी वाजायची. "चालू आहे म्हणजे," म्हणायचे आणि काठी टेकत जायचे. काच मला दिसायची. ती नेहमी काळी असायची, आणि मी तसं न विचारता सांगायची.

नूरूझच्या, म्हणजे मार्चमधल्या नव्या वर्षाच्या, थोडं आधी पेशंटांची एक नवी तुकडी आली. खाली नोंदणीपाशी मला मिनावरचा आवाज ऐकू आला. ती बॅगा मोजत होती. तिच्या दंडाला धरून बुरुल उभी.

"खांदा दुखतोय हिचा," मिनावर मला मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "विणून विणून. डॉक्टरांनी मालिश सांगितलंय." आणि हळूच, "सगळा हिवाळा तो तुमच्या अकांचा निरोप ऐकत होती. ऐकायची, रडायची, पुन्हा ऐकायची. मी म्हटलं, एकदाचं जाऊन ये आणि मला झोपू दे."

जेवणाच्या वेळी बुरुलने विचारलं, "यात स्वयंपाकी कोण?" सापार कढईमागून पुढे आला, लाल लाल होऊन.

"चुलीचं वाक्य तुम्हीच नेलंत?"

"हो, एजे."

"बायकोला आवडलं?"

"आवडलं, एजे."

"मग ठेवा. दुसरं मागायला येऊ नका." आणि तिने ताट पुढे सरकवलं.

दुपारी ती मालिशच्या खोलीत गेली. मी माझ्या पेशंटला चिखल लावत होते आणि हात आपोआप हळू चालत होते.

"इथे दुखतंय?" अकांचा आवाज, अगदी कामातला.

"नाही."

"मग इथे?"

"तिथेही नाही. माझा खांदा चांगला आहे. मी वेगळ्या कामाला आलेय."

मग ती म्हणाली, "तुम्ही सगळं लिहून कळवलंत. मला वाटलं होतं, एखादं तरी गाळाल."

"गाळावंसं वाटलं होतं. जमलं नाही."

"रागवायलाही काही शिल्लक ठेवलं नाहीत."

माझ्या पेशंटनेही श्वास धरला होता. मग अका म्हणाले, "माझ्या दोन खोल्या आहेत. खुंटीवर सादातचा कोट अजून तसाच आहे. मला तो काढता येत नाही."

"कुणी काढायला सांगितलंय?" बुरुल म्हणाली. "दुसरी खुंटी ठोका."

वसंतात ओशला निकाह झाला. भाऊ आधी या वयात लोक काय म्हणतील असं म्हणत होता, त्याला मिनावरने कसं समजावलं ते तिनेच जाणो, पण त्या दिवशी पुलावाच्या कढईपाशी तोच बाह्या सरसावून उभा होता. आमच्यातले निम्मेअधिक गेलो होतो. अकांच्या शर्टाची इस्त्री इतकी कडक की बसताना आवाज होत होता.

आता बुरुल जलालाबादला असते. मोजे विणतेच, आणि संघटनेच्या इमारतीतल्या बायकांना पैजेवर ब्रेल वाचून हरवते. अका सकाळी वेळेवर येतात, गप्पा मारतात, पेशंटांना हसवतात. संध्याकाळी मात्र शेवटच्या माणसाचं मालिश जरा घाईत उरकतात, असं पेशंट माझ्याकडे येऊन सांगतात. मी त्यांना चहा विचारते आणि विषय बदलते.